छातीत कळ आली म्हणजे हार्ट अटॅकच असं नसतं

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात दर दोन-चार दिवसांनी एक बातमी असते, अमुक गृहस्थ सकाळी फिरायला गेले होते किंवा लग्नात नाचत होते किंवा शेतावर होते, अचानक छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं, आणि शेवटचं वाक्य ठरलेलं, हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने निधन. बहुतेक वेळा ते खरंच असणार, हार्ट अटॅकचं प्रमाणच आपल्याकडे इतकं आहे. पण त्यातले काहीजण हार्ट अटॅकने गेलेले नसतात, त्यांची महाधमनी आतून फाटलेली असते, या आजाराला एओर्टिक डिसेक्शन म्हणतात आणि पोस्टमॉर्टेम झालं नाही तर ते कुणालाच कळत नाही, घरच्यांनाही नाही आणि डॉक्टरांनाही नाही. मी डॉक्टर नाही. सीटी स्कॅन टेक्निशियन म्हणून आयुष्य काढलं, आता निवृत्त आहे, मोठ्या शहरात नाही तर जिल्ह्याच्या ठिकाणी काम केलं, त्यामुळे हा आजार मी पडद्यावर पाहिलाय आणि स्ट्रेचरवर पण पाहिलाय. त्याबद्दल पेपरात फार कमी येतं म्हणून हे पत्र. थोडं लांबलंय, जमलं तर पूर्ण छापा.

हृदयातून निघणारी सगळ्यात मोठी रक्तवाहिनी म्हणजे महाधमनी, एओर्टा. तिची भिंत तीन थरांची असते. आतल्या थराला चीर गेली की रक्त त्या चिरेतून भिंतीत घुसतं आणि कोटाचं अस्तर शिवणीतून उसवत जावं तसे थर एकमेकांपासून सुटत जातात, कधी चार इंच तर कधी थेट मांडीपर्यंत. मग एकाच नळीच्या दोन नळ्या होतात, एक खरी आणि एक खोटी, आणि सीटीवर मधोमध एक बारीक रेघ दिसते, तिला फ्लॅप म्हणतात. रस्त्यात मेंदूची, हाताची, किडनीची, आतड्याची, पायाची जी जी वाहिनी लागेल तिचा रक्तपुरवठा बंद पडू शकतो. हृदयाजवळचा भाग फाटला असेल तर रक्त हृदयाभोवतीच्या पिशवीत साठून हृदय दाबलं जातं. इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज १७६० मध्ये असाच गेला, त्याच्या डॉक्टरांनी शवविच्छेदन करून सगळं लिहून ठेवलं म्हणून आपल्याला ते माहीत आहे.

हृदयाकडचा, म्हणजे वर चढणारा भाग फाटला तर तो टाइप ए, आणि फक्त पाठीमागून खाली उतरणारा भाग फाटला तर टाइप बी. ही विभागणी स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी १९७० मध्ये केली आणि आजही सगळं त्यावरच चालतं, कारण टाइप ए म्हणजे ताबडतोब ऑपरेशन आणि टाइप बी म्हणजे आधी औषधं, असा साधारण हिशोब आहे.

आता दुखणं. हे नीट वाचा, कारण कॅज्युअल्टीत सगळा खेळ इथेच होतो. दुखणं एकदम येतं, आणि आलं त्या क्षणालाच सगळ्यात जास्त असतं. हार्ट अटॅकचं बरेचदा हळूहळू वाढत जातं, दाबल्यासारखं वाटतं, हे मात्र सुरी मारल्यासारखं किंवा फाडल्यासारखं, छातीत, नाहीतर पाठीत दोन फऱ्यांच्या मध्ये, काहीवेळा सरकत सरकत पोटात किंवा कमरेत जातं. जगातल्या मोठ्या हॉस्पिटलांनी मिळून १९९६ मध्ये या आजाराची नोंदवही सुरू केली, तिला आयरॅड म्हणतात, सुरुवातीला ६ देशातली १२ हॉस्पिटलं होती. त्यांचा ४६४ पेशंटचा पहिला अहवाल २००० साली आला, त्यात जवळपास ८५ टक्के लोकांनी दुखणं अचानक सुरू झालं असं सांगितलं आणि ९० टक्क्यांच्या वर लोकांनी ते भयंकर किंवा आयुष्यातलं सगळ्यात वाईट असल्याचं सांगितलं. ईसीजी मात्र ३१ टक्के लोकांचा चक्क नॉर्मल होता. छातीचा एक्स-रे १२ टक्क्यांचा नॉर्मल. हातापायाची नाडी कमी लागणं हे पुस्तकातलं प्रसिद्ध लक्षण, ते फक्त १५ टक्क्यांत सापडलं. म्हणजे ईसीजी नॉर्मल, नाडी दोन्हीकडे सारखी, म्हणून गॅसेस असतील असं म्हणून घरी पाठवायची सोय नाही.

उलटं पण होतं आणि ते जास्त धोक्याचं आहे. चीर हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिनीच्या तोंडापर्यंत गेली तर ईसीजी खरोखरच हार्ट अटॅकसारखा येतो. मग ऍस्पिरिन, क्लोपिडोग्रेलचा लोडिंग म्हणजे पहिला मोठा डोस, हेपरिन अशी रक्त पातळ करणारी औषधं देतात, आणि जिथे अँजिओप्लास्टीची सोय नाही तिथे गुठळी विरघळवणारं इंजेक्शन. हार्ट अटॅकमध्ये याच औषधांनी जीव वाचतो आणि डिसेक्शनमध्ये याच औषधांनी रक्त थांबायचं बंद होतं. मी इथे कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांना नावं ठेवत नाहीये, छातीत दुखणारे शेकडो पेशंट येतात तेव्हा त्यात एखादा असा असतो, वर्षाला लाख लोकांमागे साधारण ३ ते ५ जणांना हा आजार होतो, रात्री तीन वाजता एकटा डॉक्टर आणि बाहेर वीस नातेवाईक अशा वेळी तो एखादा ओळखणं सोपं नाही. म्हणूनच ते एकट्या डॉक्टरच्या आठवणीवर सोडून चालणार नाही, असं माझं म्हणणं आहे.

मला हे सगळं इतक्या तळमळीने लिहावंसं वाटतं त्याचं कारण म्हणजे उपचार खरंच बदललेत. पूर्वी या आजाराचं नाव ऐकलं की सिनियर डॉक्टर सुद्धा मान हलवायचे. १९५८ मध्ये ५०० च्या वर केसेसचा एक आढावा अमेरिकेत छापून आला होता, त्यावरून आणि पुढच्या कामावरून वैद्यकीय पुस्तकांत एक वाक्य पक्कं झालं, टाइप ए मध्ये दर तासाला १ ते २ टक्के पेशंट जातात. ते वाक्य आजही शिकवतात. पण आयरॅडने १९९६ ते २०१८ पर्यंतच्या ५,६११ टाइप ए पेशंटची आकडेवारी २०२२ मध्ये मांडली तेव्हा पहिल्या ४८ तासांत सगळे मिळून ५.८ टक्के गेलेले होते. ज्यांचं ऑपरेशन करायचं ठरलं त्यांच्यात ४.४ टक्के, आणि ज्यांना नुसत्या औषधांवर ठेवलं त्यांच्यात २३.७ टक्के. औषधवाल्यांत मुळात जास्त खंगलेले, म्हातारे पेशंट असणार हे धरलं तरी फरक केवढा आहे बघा.

हॉस्पिटलमधून बरं होऊन घरी जाण्याचं पण तसंच. सतरा वर्षांचा आयरॅडचा हिशोब २०१५ मध्ये आला, ४,४२८ पेशंट. सुरुवातीच्या वर्षांत टाइप ए पैकी ७९ टक्के लोकांचं ऑपरेशन व्हायचं, शेवटी ९० टक्क्यांचं व्हायला लागलं, ऑपरेशन झालेल्यांचे मृत्यू २५ टक्क्यांवरून १८ वर आले आणि टाइप ए चे एकूण मृत्यू ३१ वरून २२ टक्क्यांवर. निदानासाठी आधी सीटी करण्याचं प्रमाण याच काळात ४६ वरून ७३ टक्क्यांवर गेलं. माझ्यासारख्या सीटीच्या माणसाला हा आकडा वाचून काय वाटलं ते मी सांगायला नको. अजूनही पाचातला एक जातोच, पण तीनातला एक जायचा तिथून इथपर्यंत आलोय आणि हे कुठल्या एका जादूच्या औषधाने झालेलं नाही. निदान लवकर झालं, पेशंटला थंड करून रक्ताभिसरण थांबवून ऑपरेशन करताना मेंदूला वेगळ्या नळीतून रक्त देत राहण्याची पद्धत बसली, भूल देणारे आणि आयसीयूवाले तयार झाले, आणि हे ऑपरेशन रोज करणाऱ्या टीमकडे पेशंट पाठवायला लागले. ज्या सेंटरमध्ये वर्षाला भरपूर केसेस होतात तिथे मृत्यू कमी, हे वेगवेगळ्या देशांत पुन्हा पुन्हा दिसलंय.

या ऑपरेशनचा पाया घातला अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या डॉ. मायकेल डिबेकी यांनी, १९५४ मध्ये. फाटलेल्या भागाच्या जागी जी कापडाची नळी बसवतात, डॅक्रॉनची, ती सुरुवातीला त्यांनी दुकानातून कापड आणून बायकोच्या शिलाई मशिनवर स्वतः शिवली होती. आणि नशीब कसं असतं, ३१ डिसेंबर २००५ ला वयाच्या ९७ व्या वर्षी घरी लेक्चरची तयारी करत असताना त्यांनाच पाठीत-छातीत भयंकर कळ आली. त्यांना पण पहिल्यांदा वाटलं हार्ट अटॅकच आहे. ज्याने हा आजार जगाला शिकवला त्याला स्वतःला असं वाटलं तर आपल्या गावातल्या माणसाला वाटणारच. पुढे फेब्रुवारी २००६ मध्ये त्यांच्याच सहकाऱ्याने, डॉ. जॉर्ज नून यांनी ऑपरेशन केलं, बरं व्हायला कित्येक महिने गेले, पण ते परत कामाला लागले आणि जुलै २००८ मध्ये शंभरीला दोन महिने बाकी असताना गेले. तेव्हा वय झालं आता कशाला, असं म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं. प्रत्येक म्हाताऱ्या माणसाचं ऑपरेशन करावंच असंही नाही, पण निदान तरी व्हावं आणि मग घरच्यांनी डॉक्टरांबरोबर बसून ठरवावं.

टाइप बी चं वेगळं आहे. तिथे पहिला उपचार म्हणजे शिरेतून औषध देऊन वरचं बीपी १०० ते १२० च्या मध्ये आणायचं, नाडी ६० च्या आसपास, आणि दुखणं कमी करायचं. हे १९६५ पासून चालत आलंय आणि आजही बहुतेकांना त्यानेच तारलंय. पण पोटातल्या अवयवांचं किंवा पायाचं रक्त बंद पडायला लागलं किंवा धमनी फुटायच्या बेतात आली तर आता जांघेतून नळी घालून आतून स्टेंट-ग्राफ्ट, म्हणजे जाळीवर कापड चढवलेली नळी, बसवतात, छाती उघडावी लागत नाही. आयरॅडच्या हिशोबात टाइप बी साठी याचा वापर ७ वरून ३१ टक्क्यांवर गेला. प्रामाणिकपणे सांगायचं तर हॉस्पिटलमधले मृत्यू त्यामुळे फारसे बदलले नाहीत. मात्र युरोपातल्या एका अभ्यासात, १४० पेशंटचाच होता, स्थिर असलेल्या टाइप बी पेशंटना नीट औषधांबरोबर स्टेंट-ग्राफ्ट दिला तर पाच वर्षांत धमनीमुळे होणारे मृत्यू १९.३ ऐवजी ६.९ टक्के झाले. याचा अर्थ सगळ्यांना स्टेंट लावा असा नाही, कुणाला लावायचा ते डॉक्टर ठरवतील.

आता मूळ मुद्दा. वर दिलेले सगळे आकडे मोठ्या सेंटरला पोचलेल्या पेशंटचे आहेत. जो घरीच दगावला, जो पहिल्या दवाखान्यातून पित्ताची गोळी घेऊन परत आला, जो ॲम्ब्युलन्समध्ये घाटात दगावला, तो या नोंदवहीत नाहीच. आणि आपल्याकडचा प्रश्न तिथेच आहे. माझ्या समोरची एक बाई आठवते, पन्नाशीची असेल, मुतखड्याचा संशय म्हणून पोटाचा सीटी करायला पाठवली होती, कंबर आणि पाठ धरून नुसती रडत होती, बीपी खूप वाढलेलं. सुदैवाने रेडिओलॉजिस्ट जागेवर होते, त्यांनी पडद्यावर बघूनच छातीपर्यंत स्कॅन वाढवायला लावला, फ्लॅप अगदी वरपर्यंत होता. फोन झाले, बीपीचं औषध चालू करून त्याच रात्री शहरात पाठवली, ऑपरेशन झालं, पुढे ती वर्षातून एकदा फॉलोअपच्या स्कॅनला यायची. दुसरा एक माणूस, तिच्यापेक्षा तरुण, असाच आला होता पण तीन दवाखाने फिरून, तोपर्यंत दोन ठिकाणी हार्ट अटॅकची ट्रीटमेंट झालेली, तो टेबलावरून उतरवताना गेला. दोघांचा आजार तोच होता, टाइप ए.

इंग्लंडमध्ये या उशिरावर सरकारच्या तपास संस्थेने २०२० मध्ये आख्खा अहवाल काढला. कुणाला फाशी देण्यासाठी नाही तर आजार का सुटतो हे शोधण्यासाठी, आणि कॅज्युअल्टीत पेशंट आल्याबरोबर नर्स जी पहिली तपासणी करते त्यातच महाधमनीच्या दुखण्याचा प्रश्न घाला अशी शिफारस केली. पुढच्या वर्षी तिथल्या इमर्जन्सी आणि रेडिओलॉजीच्या डॉक्टरांच्या संस्थांनी मिळून सूचना काढल्या. आपल्याकडे असा एक कागद तरी भिंतीवर लागायला काय हरकत आहे? दुखणं अचानक आलं का, आल्या आल्याच कमाल होतं का, फाडल्यासारखं आहे का, दुसरीकडे सरकलं का, घरात कुणी असं अचानक गेलंय का, दोन्ही हातांचं बीपी घेतलं का. याला पैसे लागत नाहीत, फक्त दुसऱ्या हातालाही पट्टा बांधावा लागतो.

पैसे लागतात ते पुढे. सीटी मशीन आता बऱ्याच जिल्हा रुग्णालयांत आहे, खाजगी सेंटर तर तालुक्याला पण झालीत, पण रात्री कॉन्ट्रास्ट (शिरेतून द्यायचं औषध, त्याने रक्तवाहिन्या उठून दिसतात) देऊन सीटी अँजिओ, म्हणजे रक्तवाहिन्यांचा सीटी, करणारा माणूस आणि त्याच तासाला रिपोर्ट देणारा डॉक्टर हवा, नाहीतर मशीन नुसतं बंद खोलीत. क्रिएटिनिनच्या, म्हणजे किडनीच्या तपासणीच्या, रिपोर्टसाठी थांबू का, ॲडव्हान्स भरल्याशिवाय करू का, अशा गोष्टींत तासच्या तास जातात हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यानंतर प्रश्न येतो पाठवायचं कुठे. ही ऑपरेशनं करणारी सेंटर मुंबई, पुणे, नागपूर आणि आणखी थोड्या शहरांत आहेत, आणि त्यातल्या कुठल्या ठिकाणी आज रात्री सर्जन, बेड आणि रक्त आहे हे कळायला नातेवाईकच फोन फिरवत बसतात. राज्याचा एकच नंबर असावा, त्यावर चोवीस तास एक डॉक्टर असावा, त्याने स्कॅन मोबाईलवर बघावा आणि इथे पाठवा म्हणून सांगावं. १०८ ची ॲम्ब्युलन्स आपल्याकडे २०१४ पासून आहे, चांगली सोय आहे, फक्त अशा पेशंटला बीपी आणि दुखणं आवाक्यात आणूनच गाडीत घालायचं आणि औषध वाटेत चालू ठेवायचं हे ठरलेलं असावं. महात्मा फुले योजनेची मर्यादा सरकारने ५ लाखांपर्यंत नेलीय, मग या ऑपरेशनची, ग्राफ्टची आणि आयसीयूच्या लांबलेल्या दिवसांची खरी किंमत धरून पॅकेज आहे का आणि मान्यता मध्यरात्री मिळते का, हे आरोग्य खात्याने जाहीर सांगावं अशी माझी विनंती आहे.

पोस्टमॉर्टेमचा विषय नाजूक आहे पण लिहितो. अमेरिकेची फ्लो हायमन नावाची व्हॉलीबॉल खेळाडू होती, १९८४ च्या ऑलिम्पिकमध्ये रौप्यपदक, खूप उंच, १९८६ मध्ये जपानमध्ये मॅच चालू असताना बाकावर बसली आणि कोसळली, वय ३१. पहिल्यांदा हार्ट अटॅकच म्हटलं गेलं. शवविच्छेदनात निघालं की तिला मार्फन नावाचा जन्मजात आजार होता आणि महाधमनी फाटली होती. त्यामुळे तिच्या भावाची तपासणी झाली, त्यालाही तेच निघालं, आणि वेळेत ऑपरेशन झालं. बहिणीच्या पोस्टमॉर्टेमने भाऊ वाचला. आपल्याकडे तरुण माणूस अचानक गेला की घरचे म्हणतात आता चिरफाड नको, ते दुःख मी समजू शकतो, पण मागे राहिलेल्या भावंडांचा आणि मुलांचा पण विचार व्हायला हवा. ज्याला डिसेक्शन झालंय त्याच्या सख्ख्या नातेवाईकांनी महाधमनीची तपासणी करून घ्यावी असं आता तज्ज्ञांच्या गाईडलाईनमध्येच आहे, सुरुवात साध्या टू-डी इकोने, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीने होते. घरात कुणी खूप उंच, सडपातळ, लांब बोटांचं, डोळ्यांच्या भिंगाचा त्रास असलेलं असेल तर जास्तच, कारण ही मार्फनची लक्षणं असू शकतात. जन्मतः हृदयाची झडप दोन पाकळ्यांची असेल तरी.

बाकी बहुतेकांना हा आजार होतो तो बीपीमुळे. आयरॅडच्या पहिल्या अहवालात ७२ टक्के पेशंटना बीपी होतं. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये आलेल्या देशभराच्या पाहणीत मोठ्या माणसांमध्ये बीपीचं प्रमाण ३५.५ टक्के निघालं. म्हणजे तीनातला एक, आणि त्यातले कितीतरी जण बरं वाटतंय म्हणून गोळी सोडून देतात, चक्कर आली की परत चालू करतात. सरकारी दवाखान्यात या गोळ्या मिळतात, महाराष्ट्रात तर बीपी नियंत्रणाचा केंद्राचा प्रकल्प पहिल्या टप्प्यापासून आहे. ज्यांचं डिसेक्शनचं ऑपरेशन झालंय त्यांच्यासाठी तर गोळी म्हणजे जन्माची सोबत, कारण पुढचा भाग जोडला तरी मागे खोटी नळी बरेचदा राहते आणि ती वर्षानुवर्षं फुगू शकते. बरे झालेले पेशंट तीन वर्षांनी स्कॅनला यायचे बंद होतात, घरच्यांना वाटतं झालं सगळं. त्यांनी कृपा करून येत राहावं, आणि जिममध्ये श्वास रोखून जड वजन उचलायचं असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं.

आपल्या पेपरला एकच विनंती. अशा मृत्यूच्या बातमीत कारण खात्रीने माहीत नसेल तर हृदयविकाराचा झटका असं लिहून टाकू नका, अचानक मृत्यू, कारण समजलेलं नाही, एवढं लिहा. आणि आरोग्य पुरवणीत एकदा एखाद्या कार्डियाक सर्जनला, एखाद्या कॅज्युअल्टीच्या डॉक्टरला आणि यातून वाचलेल्या पेशंटला बोलवून पान भरून लिहायला लावा. शक्यतो थंडी सुरू व्हायच्या आधी, कारण हा आजार थंडीत आणि सकाळच्या वेळेला जास्त होतो असं नोंदींत दिसलंय.

आपला,
एक निवृत्त सीटी स्कॅन टेक्निशियन, सांगली जिल्हा